लाकडावर नक्षीचा कागद चिकटविताना

श्रावण लागतो तेव्हा कुंडलिकेच्या काठच्या कोलाड गावी भाताची लावणी आटोपलेली असते, आणि घरोघर गणपतीच्या मखराची चिंता सुरू होते. मूर्ती पेणच्या कारखान्यातून येते, मुंबईचा चाकरमानी चतुर्थीच्या आदल्या दिवशी येतो. मखर मात्र घरातील हौशी माणसांनाच उभे करावे लागते. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे काम थर्माकोलच्या पांढऱ्या पाट्यांवर भागत असे. तापलेली तार फिरविली की कमान तयार. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या सजावटीस बंदी केली, आणि पुठ्ठा, बांबू, कापड व प्लायवूड ह्यांना पुन्हा मान मिळाला. त्यांपैकी प्लायवूडचे मखर नीट जपले तर पुष्कळ वर्षे टिकते, त्यामुळे ज्यांच्या हातात थोडे कसब आहे त्यांचा ओढा तिकडे असतो.

प्लायवूडवर वेलबुट्टी, मोर, कमळ किंवा जाळी कापावयाची म्हणजे तिची आकृती प्रथम लाकडावर आणावी लागते. हाताने काढण्याइतके चित्रकलेचे अंग प्रत्येकास नसते. तेव्हा आकृती कागदावर छापून घ्यावयाची, तो कागद लाकडावर चिकटवावयाचा आणि रेषेरेषेने बारीक पात्याची करवत चालवावयाची, हा सोपा मार्ग बहुतेक जण पत्करतात. मार्ग सोपा खरा. परंतु तो ज्या एका वस्तूवर अवलंबून आहे तिचा विचार फार थोडे लोक करतात. ती वस्तू म्हणजे गोंद. कोणता गोंद घ्यावा, ह्याचे उत्तर बहुधा 'घरात असेल तो' असे असते, आणि येथेच पुढील दुःखाचे बीज पेरले जाते.

हे दुःख दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार करवत चालू असताना दिसतो. पाते खालीवर होते. खाली जाताना ते कागदास लाकडावर दाबते, आणि वर येताना त्यास उचलू पाहते. मोराच्या तुऱ्यासारख्या टोकदार भागात कागदाचा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंदीचा शेव उरतो. गोंद कच्चा असेल तर तो शेव उठतो, त्याच्याखाली भुसा शिरतो, रेषा हलते, आणि पाते नको त्या ठिकाणी जाते. दुसरा प्रकार सर्व कापून झाल्यावर उघडकीस येतो, म्हणून तो अधिक जिव्हारी लागतो. चार संध्याकाळी खपून जाळी सुरेख उतरलेली असते, आणि आता कागद निघत नाही. तो सुरीने खरवडावा तर लाकडाचा वरचा पापुद्रा कागदाबरोबर येतो. पाण्याने भिजवावा तर प्लायवूड फुगते. जोर करावा तर मोराची चोच मोडते.

ह्यावरून ह्या कामासाठी लागणाऱ्या गोंदाचे लक्षण ठरते. सुताराचा गोंद जितका घट्ट तितका चांगला. खुर्चीचा पाय आणि बैठक ह्यांचा जोड पुन्हा सुटावा अशी कोणाचीच इच्छा नसते. नक्षीच्या कागदाचा गोंद मात्र एक-दोन दिवसांच्या मुदतीचा नोकर आहे. मुदत संपेपर्यंत त्याने कोपरा न् कोपरा धरून ठेवावा, आणि ती संपताच काही मागे न ठेवता निघून जावे. बाजारात गेलेला माणूस 'सर्वांत मजबूत' असे लिहिलेला डबा उचलतो तो ह्या जातीच्या कामास सर्वांत गैरसोयीचा असतो.

कोकणाला चिकट पदार्थांची वाण कधीच नव्हती. भोकराच्या पिकलेल्या फळातील बुळबुळीत गर पतंग चिकटविण्यास मुले आजवर वापरीत आली; त्या झाडाचे संस्कृत नाव श्लेष्मातक हे त्या गरावरूनच पडलेले आहे. गव्हाच्या पिठाची खळ प्रत्येक घरी होत असे. बुकबाइंडर तीत कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालीत. मोरचूद विषारी असल्याने ती खळ मुलांच्या हाती पडू न देण्याची खबरदारी मात्र घ्यावी लागे. चिंचोक्यांची खळ ह्याहूनही चिवट. सावंतवाडीचे चितारी गंजिफांच्या पानांसाठी कापडावर चिंचोक्याच्या खळीची पुटे देऊन त्यास पुठ्ठ्यासारखा कडकपणा आणीत, आणि मग त्यावर रंगकाम करीत. लाकडाच्या जोडांसाठी जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेला सरस असे. तो गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पातळ करीत, व त्याच्या वासावरून सुताराचे घर ओळखू येई. १९५९ साली फेव्हिकॉल निघाले आणि पुढे त्या पांढऱ्या गोंदाने सरसाची जागा जवळजवळ संपूर्णपणे घेतली.

ह्या सर्व मंडळींत एक गोष्ट समान आहे. ती म्हणजे पाणी. भोकराचा गर, खळ, डिंक, सरस, पांढरा गोंद, सर्व पाण्यात मिसळलेले किंवा विरघळलेले असतात, आणि नक्षीच्या कागदाशी पाण्याचे पटत नाही. कागद गिरणीत तयार होत असताना त्याचे तंतू बव्हंशी एकाच दिशेने लोळतात. ओल लागली म्हणजे तंतू जाडीने फुगतात, लांबीने फारसे वाढत नाहीत. त्यामुळे सबंध कागद चहूकडे सारखा न वाढता एका अंगाने अधिक वाढतो. ही वाढ शेकडा एक इतकीच धरली, तरी ३०० मिलिमीटर रुंदीच्या आकृतीत ती ३ मिलिमीटर होते. एकटे कमळ कापावयाचे असेल तर इतका फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु मखराच्या कमानीला डावा आणि उजवा असे दोन अर्ध असतात. एकाचा कागद उभा छापला व दुसऱ्याचा आडवा, आणि दोन्ही खळीने चिकटविले, तर माथ्यावर कळस बसवावयाच्या वेळी दोन्ही अर्ध एकमेकांस ओळख देत नाहीत. पुष्कळदा त्याचा दोष करवतीला किंवा हाताला दिला जातो. वस्तुतः गोंदातील पाण्याने आकृती आधीच बिघडविलेली असते. शिवाय शाईच्या फवाऱ्याने छापणाऱ्या घरगुती यंत्राची रेषा बहुधा ओल्या खळीखाली पसरते, ते निराळेच.

लाकडावर कागद डकवून जाळी कापण्याचा छंद सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात फार बोकाळला होता. नॉरफोक परगण्यातील डेरहॅम येथून १८९५ साली 'हॉबीज' नावाचे साप्ताहिक निघू लागले. त्यासोबत नक्षीचे मोठे कागद मिळत, आणि हजारो घरांतून पायाने चालणारी लहान करवतयंत्रे त्या कागदांवरून फिरत. त्या काळी कागद चिकटवावयाचा तो पिठाच्या खळीनेच, आणि काम झाल्यावर तो ओल्या फडक्याने किंवा काचकागदाने घासून काढावयाचा. लाकूड भरीव असल्यामुळे हे चालून जाई. हल्लीच्या प्लायवूडचा दर्शनी पापुद्रा कित्येकदा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. काचकागदाचे चार हात अधिक फिरले की खालचा आडव्या रेषांचा थर डोके वर काढतो.

पाण्याचा हा जाच टाळावयाचा म्हणजे पाण्याखेरीज दुसऱ्या द्रावकात विरघळलेला गोंद घ्यावयाचा, आणि तो इतक्या पातळ थराने द्यावयाचा की कागदास तो जेमतेम जाणवावा. फवाऱ्याच्या डब्यातील गोंद ह्या दोन्ही अटी पुऱ्या करतो. त्यात कृत्रिम रबराच्या जातीचा चिकट पदार्थ असतो, तो विरघळविणारा झपाट्याने उडून जाणारा द्रव असतो, आणि हे मिश्रण बाहेर ढकलणारा दाबाखालचा वायू असतो. दांडी दाबताच तुषार उडतात. द्रावक वाटेतच निम्माशिम्मा उडून जातो, आणि कागदावर चिकट ठिपक्यांचे जाळे तेवढे पडते. कागद फुगत नाही, रेषा पसरत नाही.

तथापि फवाऱ्याचे सर्व डबे एका माळेचे मणी नाहीत. त्यांचे दोन मुख्य वर्ग आहेत, आणि खरेदी करताना जी काही अक्कल खर्चावयाची ती येथे खर्चावी. एका वर्गातील गोंद कायमच्या जोडासाठी केलेला असतो. दुसऱ्या वर्गातील गोंदाने चिकटविलेली वस्तू उचलून पुन्हा बसविता येते. थ्री-एम ह्या अमेरिकन कंपनीच्या डब्यांत ७७ क्रमांकाचा डबा पहिल्या वर्गाचा, व ७५ क्रमांकाचा दुसऱ्या वर्गाचा. इतर कंपन्यांचेही असेच दोन प्रकार असतात. डब्यावर 'पुन्हा उचलून लावता येण्याजोगा' किंवा 'तात्पुरता' अशा अर्थाचे शब्द आहेत की नाहीत, ते पाहावे. नुसते 'सर्व कामांसाठी' असे लिहिले असेल तर तो पहिल्या वर्गाचा समजून चालणे शहाणपणाचे. पहिल्या वर्गाच्या डब्यानेही नक्षीचे काम करता येते आणि कित्येक कसबी लोक ते करतात. परंतु त्यांचा हात इतका हलका झालेला असतो की ते जणू अर्धाच डबा वापरतात. नवशिक्याने त्यांचे अनुकरण करू नये.

दुर्बळ गोंदाची ही मातब्बरी जगाला उशिरा कळली. १९६८ साली ह्याच थ्री-एम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर नावाचा रसायनशास्त्रज्ञ अधिक बळकट गोंदाच्या शोधात होता. त्याच्या हाती लागला तो सूक्ष्म गोळ्यांच्या रूपातील असा पदार्थ, की जो चिकटे खरा पण सहज सुटे, आणि पुन्हा चिकटे. ह्या गोंदाचे करावयाचे काय, हे पुष्कळ वर्षे कोणाच्या ध्यानात येईना. पुढे आर्थर फ्राय ह्या त्याच्या सहकाऱ्याला चर्चमधील गाण्याच्या वहीतून खुणेचे चिठोरे गळून पडतात ह्याचा त्रास झाला, तेव्हा त्यास त्या गोंदाची आठवण झाली, आणि १९८० साली अमेरिकेत त्या चिकट चिठ्ठ्यांची विक्री सर्वत्र सुरू झाली. आज कचेरीतील प्रत्येक मेजावर त्या पिवळ्या चिठ्ठ्या दिसतात. नक्षीच्या कागदाला हवा असतो तो ह्याच स्वभावाचा गोंद, मात्र किंचित अधिक जोराचा.

आता कोलाडच्या हवेकडे वळावे लागते, कारण डब्यावरील सूचना लिहिणाऱ्याने श्रावणातील रायगड जिल्हा बहुधा पाहिलेला नसतो. ह्या जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हवेतील सापेक्ष आर्द्रता शेकडा ९० च्या घरात गेली म्हणजे उघड्यावर ठेवलेले लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या शेकडा २० इतके पाणी धरून बसते. हेच प्रमाण शेकडा ६५ आर्द्रतेत १२ च्या आसपास असते. ओलसर लाकडावर कोणताही गोंद मन लावून काम करीत नाही. त्यात फवाऱ्याची एक निराळीच खोड आहे. द्रावक उडून जाताना आपल्याबरोबर उष्णता नेतो, त्यामुळे गोंदाचा थर व त्याखालचा कागद क्षणभर थंड पडतात. दमट हवेत थंड पृष्ठभागावर दव जमते, हे फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर सर्वांनी पाहिले आहे. तसेच सूक्ष्म दव गोंदावर जमते, गोंद दुधाळ दिसू लागतो, आणि त्याची चिकटण्याची शक्ती निम्म्यावर येते. अशा वेळी माणसास वाटते, गोंद कमी पडला. तो दुसरा हात मारतो, तिसरा मारतो. पुढे ऊन पडून हवा सुकते, दव उडून जाते, आणि तिप्पट गोंदाने कागद लाकडाला जन्माचा बांधला जातो. पावसाळ्यातील मखरांवरून कागद न निघण्याची जी तक्रार ऐकू येते तिचे एक मोठे कारण हे आहे.

उपाय फारसा कठीण नाही. काम सकाळी किंवा रात्री न करता दुपारी, पावसाची उघडीप पाहून करावे. प्लायवूडचे तुकडे आदल्या दोन-तीन दिवसांपासून घरातील कोरड्या जागी, पंख्याच्या वाऱ्यात उभे करून ठेवावेत. छापलेल्या कागदाच्या कोऱ्या अंगावरून कोमट इस्त्री फिरवावी, म्हणजे त्यातील ओल जाते. छापील अंगावरून फिरवू नये, कारण यंत्राची काळी भुकटी उष्णतेने मऊ होऊन इस्त्रीला लागते. इस्त्री बंद करून दूर ठेवल्याशिवाय गोंदाचा डबा बाहेर काढू नये. ह्याचे कारण पुढे येईल.

फवारणी लाकडावर करू नये, कागदाच्या पाठीवर करावी. कायमच्या जोडात दोन्ही पृष्ठभागांवर गोंद देतात. येथे तेच टाळावयाचे आहे. एक मोठा पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून त्यात कागद उपडा घालावा, म्हणजे उडालेले तुषार खोक्याच्या भिंतींवर अडतात आणि ओटीवरची फरशी चिकट होत नाही. डबा चांगला हलवून कागदापासून १५ ते २० सेंटिमीटरांवर धरावा. फवारा कागदाच्या बाहेर सुरू करावा, एका सरळ ओढीने कागदावरून न्यावा आणि पलीकडे बाहेरच बंद करावा. मधोमध सुरू केला तर पहिला ठोक तेथेच पडतो आणि तेवढी जागा पुढे हट्ट धरते. कागद तिरपा करून उजेडात पाहिला असता पहाटेच्या गवतावरील दवासारखे बारीक ठिपके दिसावेत. ओली चकाकी दिसली तर गोंद जास्त झाला; तो कागद टाकून दुसरा घ्यावा. कागद काही पैशांचा आहे, लाकूड नाही.

त्यानंतर थांबणे. कोरड्या हवेत अर्धा ते एक मिनिट पुरते. श्रावणात दोन ते तीन मिनिटे द्यावीत. बोटाची पाठ लावून पाहावी. गोंद बोटाला ओढावा, पण त्याची तार निघू नये. मग कागदाची एक कड लाकडावर टेकवून उरलेला कागद हळूहळू सोडीत जावे, आणि कोरड्या फडक्याने मधून कडेकडे दाबीत हवा बाहेर काढावी. लाकूड आधीच काचकागदाने साफ करून त्यावरील भुसा पुसलेला असावा, नाहीतर गोंद लाकडास न धरता भुशास धरतो. काम करणारा सावध असेल तर मखराच्या तुकड्यास हात लावण्यापूर्वी त्याच प्लायवूडच्या रद्दी तुकड्यावर हे सर्व एकदा करून पाहील. हाताच्या पंजाएवढा कागद लावून रात्रभर ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्यातून एखादे वळण कापावे, आणि मग कागदाचा कोपरा उचलून लाकडाच्या अगदी लगत, पाठीमागे दुमडीत सोलावा. तो एकसंध निघाला तर डबा व हात दोन्ही पसंत. मागे कागदाची लव राहिली तर गोंद थोडा कमी करावा. कागदाबरोबर लाकडाची शिलकी निघाली तर तो डबा दुसऱ्या कामास ठेवावा. ह्या परीक्षेला एक रात्र लागते, म्हणून ती बहुतेक जण करीत नाहीत.

इतके करूनही कधी कधी कागद अडून बसतो. विशेषतः पात्याच्या घर्षणाने कड तापते, तेव्हा तेथील गोंद वितळून लाकडाच्या छिद्रांत उतरतो. अशा वेळी केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा थोडा वेळ देऊन पाहावी. रबरी गोंद उष्णतेने नरम पडतो आणि कागद सुटतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनचे फडके कागदावर दाबून धरावे, दोन-चार मिनिटांत ते कागदातून झिरपून गोंद सोडविते. रॉकेलनेही गोंद सुटतो, परंतु त्याचा तेलकटपणा लाकडात राहतो. नखांचा रंग काढण्याचा ॲसिटोन अधिक तीव्र आहे. जवळपास रंग किंवा पॉलिश असेल तर तो त्याचीही वाट लावतो. उरलेला चिकटा एकदम काचकागदाने घासावयास जाऊ नये, कारण घर्षणाने तो पुन्हा वितळतो, काचकागदाचे दात बुजतात आणि डाग लाकडात अधिक खोल जातो. प्रथम टर्पेंटाइन, मग ते पूर्ण वाळू देणे, आणि शेवटी बारीक काचकागद, हा क्रम सांभाळावा. चिकटा जरासा राहिला तरी काय बिघडले, असे ज्यास वाटते त्याने त्यावर चपड्याचे पॉलिश किंवा पाण्याचा रंग देऊन पाहावा. जेथे गोंद आहे तेथे लाकूड रंग पीत नाही, आणि मोराच्या पिसाऱ्यावर कोड उठल्यासारखे फिके डाग पडतात.

फवाऱ्याच्या डब्याची दुसरी बाजू आता सांगावयास हवी. ती अधिक गंभीर आहे. पूर्वी अशा डब्यांत फवारा ढकलण्यासाठी क्लोरोफ्लुओरोकार्बन जातीचे वायू असत. ते पेट घेत नसत. पण पृथ्वीभोवतालच्या ओझोनच्या थराचा ते नाश करतात असे दिसून आल्यावर १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने त्यांच्यावर नियंत्रण आले. भारत ह्या करारात १९९२ साली सामील झाला. त्या वायूंच्या जागी आता बहुधा प्रोपेन व ब्यूटेन, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरात असतात तेच वायू, किंवा डायमिथिल ईथर वापरतात. गोंदाचा द्रावकही बहुधा ज्वालाग्राही असतो. ह्या सर्वांच्या वाफा हवेपेक्षा जड असल्यामुळे त्या वर न जाता जमिनीसरपट वाहतात, आणि पाच-सात हातांवरील ज्योतीपर्यंत नकळत पोहोचतात. गणपतीच्या आदल्या रात्री मखराचे काम कोठे चालते, हे आठवून पाहावे. माजघरात. तेथून देवघरातील निरांजन चार पावलांवर, समई जमिनीवरच, उदबत्ती धुमसत असलेली, आणि स्वयंपाकघरात मोदकांची पूर्वतयारी म्हणून शेगडी पेटलेली. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या. ह्याहून वाईट जागा मुद्दाम शोधूनही सापडावयाची नाही. फवारणी पडवीत किंवा उघड्या ओटीवर, जेथे वारा आरपार जातो, तेथेच करावी. त्या वेळी जवळपास कोणतीही ज्योत, विडी, तापलेली इस्त्री किंवा चालू करवतयंत्र नसावे, आणि पुढे अर्धा तास तरी कागद तेथेच ठेवावा. डबा उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नये. ५० अंश सेल्सिअसवर तापू न देण्याची सूचना त्यावर छापलेली असते, आणि कोकणात वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

वासाचीही उपेक्षा करू नये. काही गोंदांच्या द्रावकात हेक्झेन असतो. १९६० च्या दशकात जपानात घरोघर चपला जोडण्याचा धंदा करणाऱ्या बऱ्याच कामकऱ्यांचे हातपाय बधिर व दुबळे होऊ लागले. बंद खोल्यांत दिवसचे दिवस हेक्झेनयुक्त गोंदाची वाफ घेतल्यामुळे त्यांच्या हातापायांच्या मज्जातंतूंना इजा झाल्याचे निष्पन्न झाले. वर्षातून एकदा मखर करणाऱ्याची तुलना त्यांच्याशी करणे अर्थातच अतिशयोक्तीचे होईल. परंतु जो तरुण ह्या कामाची गोडी लागून नावाच्या पाट्या, देव्हारे, जाळ्या कापून विकू लागतो, त्याच्यासाठी ही गोष्ट दूरच्या देशातील राहत नाही. त्याने डब्यावरील घटकांची यादी वाचावी, आणि हेक्झेनविरहित डबा मिळत असेल तर चार पैसे अधिक देऊन तोच घ्यावा. धूळ अडविण्याचा साधा कापडी बुरखा वाफेस अडवीत नाही. तिला उघडी हवा हाच खरा उपाय.

जेथे लहान मुले कामात हात घालणार आहेत, किंवा उघडी जागाच नाही, तेथे फवारा मुळीच वापरू नये. अशा घरांसाठी एक युक्ती आहे, आणि खरे सांगावयाचे तर फवारा वापरणाऱ्यांनीही ती उचलावी. रंगारी लोक खिडकीच्या काचेच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावतात, तिला ते मास्किंग टेप म्हणतात. ती पट्टी लाकडावर कडेला कड भिडवून लावावी आणि सबंध लाकूड झाकून घ्यावे. नक्षीचा कागद मग लाकडावर न चिकटविता ह्या पट्ट्यांवर चिकटवावा. त्यासाठी मुलांच्या दप्तरातील कांडीचा गोंदही पुरतो. त्यात पाणी असले तरी ते थोडके असते, आणि थर पातळ दिला तर कागद फारसा फुगत नाही. कापून झाल्यावर पट्टीची कड उचलली की कागदासकट सर्व काही सालीसारखे निघून येते. लाकडास गोंदाचा स्पर्शही झालेला नसतो. पट्टी मात्र ताजी असावी, आणि काम दोन दिवसांत उरकावे. जुनी पट्टी, किंवा आठवडाभर लाकडावर राहिलेली पट्टी, स्वतःच हट्टी होऊन बसते. नक्षीच्या कागदावर वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली तर पाते कमी तापते व सागासारख्या लाकडाची कड करपत नाही, असा पुष्कळ कसबी लोकांचा अनुभव आहे. पट्ट्यांचा खर्च डब्याहून कमी, वेळ मात्र अधिक लागतो. मोठ्या कमानीस फवारा आणि बारीक जाळीस पट्टी, अशी वाटणी केली तर दोहोंचा लाभ मिळतो.

आकृती अगदी साधी असेल, जसे स्वस्तिक किंवा पाच पाकळ्यांचे फूल, तर गोंदाच्या भानगडीत न पडता कार्बनचा कागद खाली घालून ती लाकडावर गिरवावी. किंवा रेषेवर सुईने भोके पाडून कोळशाच्या भुकटीची पोटली वरून आपटावी. ही रीत फार जुनी आहे, आणि रांगोळीच्या छाप्यांतून ती अजूनही घरोघर जिवंत आहे.

राहता राहिला खुद्द कागद. करवत चालली की नक्षीच्या कागदाचे तुकडे होतात, म्हणून मूळ आकृती कधीही लाकडावर लावू नये. तिची प्रत लावावी. ह्या प्रती एकाच यंत्रावर, एकाच वेळी आणि कागद एकाच दिशेने घालून काढाव्यात, कारण दोन यंत्रांच्या प्रतींत मापाचा बारीकसा फरक पडतो आणि कमानीच्या जोडावर तो दिसतो. मूळ कागद सुरळी करून नळीत घालून माळ्यावर ठेवावा, आणि त्यावर मखराचे वर्ष, प्लायवूडची जाडी व वापरलेल्या डब्याचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवावे. पुढील साली मोडलेली चोच नव्याने कापावयाची वेळ आली, तर माप जुळण्यासाठी तोच कागद खाली काढावयाचा असतो.